धोंडबाच्या शेजारची खाट

परीक्षा म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. उभा जन्म मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत शिपाई होतो. पेपर सुरू झाल्याची घंटा मी वाजवली, संपल्याची मीच वाजवली आणि मधल्या वेळात पोरांना पाणी पाजत वर्गावर्गांतून हिंडलो. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे आणि कोणाच्या पोटात खरंच दुखतंय, हे मला दारातून कळायचं. आमचं घराणं विणकराचं. बाप शेवटपर्यंत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. मी आठवीनंतर शाळा सोडली आणि परत शाळेत गेलो तो घंटा वाजवायलाच. अशा माणसाला पंच्याहत्तरी उलटल्यावर स्वतःला परीक्षेला बसावं लागलं आणि मी सपशेल आपटलो.

त्याचं असं झालं की मला धोंडबाच्या शेजारची खाट हवी होती.

धोंडबा आमच्याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. बाटल्या धुवायच्या, बेडूक आणायचे, सर नसले की पोरांना दटावायचं. माझ्याहून थोरला, पण वयाचा विषय निघाला की जन्मतारीख शाळेनं चुकीची लावली असं सांगायचा. शाळा सुटली की तो आमच्याकडे चहा घेऊन मगच सायकलवर बसे. माझी बायको चंद्रकला चहा टाकायची आणि आम्ही दोघं हेडमास्तरांची नक्कल करायचो. त्याची इंदूबाई गेली आणि तो हुडकेश्वरच्या वृद्धाश्रमात राहायला गेला. त्याला तो वृद्धाश्रम म्हणत नाही, होस्टेल म्हणतो. 'आपल्याले जवानीत होस्टेल नाही भेटलं, आता भेटलं,' असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो.

मागच्या हिवाळ्यात चंद्रकला गेली. मुलगा चेतन हैदराबादला नोकरीला. तो मला घेऊन गेला, मी महिनाभर राहिलोही. सून चांगली, घर चांगलं, पण चौदावा मजला. गॅलरीतून खाली पाहिलं की माणसं दिसायची, आवाज येत नव्हता. खाली उतरलो तर गार्ड विचारी, अंकल किधर जाना है. मला कुठंच जायचं नसे, नुसतं कोणाशी तरी बोलायचं असे. मी परत आलो आणि महालातल्या आमच्या दोन खोल्यांत एकटा राहू लागलो.

तेवढ्यात धोंडबाचा फोन आला. "ईश्वर, माह्या बाजूची खाट खाली झाली गा. अमरावतीवाला आपल्या पोरीकडे गेला राह्याले. खिडकीपाशीच हाय. लवकर ये, नाही तं सिंधूताई दुसऱ्याले देऊन टाकन."

मला इतका आनंद झाला की फोन ठेवायच्या आधीच मी कोणते कपडे न्यायचे ते ठरवलं. चेतनला जड गेलं. लोक काय म्हणतील, बापाला ठेवून आला म्हणतील. मी म्हटलं, "लोकं म्हणतीन ते म्हणतीन. मले खिडकी पाहिजे अन् धोंडबा पाहिजे." श्रावणात महिनाभराची रजा काढून तो नागपूरला आला आणि त्यानं सिंधूताईंना फोन लावला. सिंधूताई तिथलं सगळं बघतात. त्या म्हणाल्या, "खाट देऊ ना. पण आमच्याकडे एक रीत हाय. आत यायच्या आधी दीप्तीताई येते, मानसशास्त्राची शिकलेली. काकाजींशी बोलेल, काही प्रश्न विचारेल. मंग पुढचं ठरवू."

कसले प्रश्न, असं चेतननं विचारलं. मनाचे, असं त्यांनी सांगितलं. लक्षात राहतं का, झोप येते का, असे.

माझ्यापाशी लपवण्यासारखं बरंच होतं.

एक तर चहाचं पातेलं. चहा टाकून मी बाहेर येऊन बसलो होतो आणि चंद्रकला कप घेऊन येईल म्हणून वाट बघत राहिलो. खरंच वाट बघत राहिलो. जळका वास आला तेव्हा उठलो. पातेलं काळंठिक्कर झालं होतं, ते मी खाटेखाली ढकललं. दुसरं आमच्या 'बुधवारी' नावाच्या बाजाराचं. ज्या बाजारात मी लहानपणापासून भाजी आणली तिथून घरी यायचा रस्ता मला एका दुपारी सापडेना. हातात मेथीची जुडी धरून मी एका चपलांच्या दुकानासमोर उभा राहिलो, आणि दुकानदारानं नंबर विचारला तेव्हा भानावर आलो. आणि तिसरं म्हणजे रोजचा चहा. चंद्रकलेला मी नेहमी सांगायचो, दोन चमचे साखर टाक. तेवढीच मी टाकतो आणि चहा नुसता गोडमिट्ट लागतो. एक टाकली तर फिका. आपल्या जिभेलाही आता काही आठवत नाही, असं मला वाटायला लागलं.

धोंडबाच्या होस्टेलमध्ये मागच्या बाजूला काही खोल्या आहेत, त्यांना वेगळं फाटक आहे आणि ते बंद असतं. वाट चुकणारी माणसं तिथं राहतात. त्यांची सेवा नीट होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण धोंडबाला भेटायला गेलो की तिथले एक गृहस्थ फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढून माझा हात धरायचे आणि उमरेडची बस लागली का असं विचारायचे. अजून नाही लागली, असं सांगून मी सटकायचो. आता मला भीती वाटायला लागली की उद्या मीच तिथं उभा राहीन आणि धोंडबा फाटकाच्या इकडे असेल. किंवा तेही नाही, थेट चौदावा मजला. यातलं काहीच मी चेतनला बोललो नाही.

चेतननं मात्र भलतंच केलं. त्यानं शेजारच्या चंद्रभान सरांना सांगितलं.

चंद्रभान सर निवृत्त मास्तर. आपल्या घरापुढच्या छपरीत स्कॉलरशिपचे आणि नवोदयचे क्लास घेतात. गल्लीत कोणाचंही मूल कुठल्याही परीक्षेला बसणार असलं तरी आधी त्यांच्या हाताखालून जातं. माणूस देवासारखा, पण परीक्षा हा शब्द ऐकला की अंगात वारं भरतं. त्यांनी मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिले आणि संध्याकाळी फळा घेऊन माझ्याकडे आले.

"ईश्वरदासजी, प्रश्न ठरलेले राह्यते. एखादा इकडचा तिकडे. आपण गेस काढू. म्या एवढे पोट्टे नवोदयले पाठवले, तुम्ही तं घरचे."

"सर, पण हे तं मनाचं हाय म्हणते."

"मन गिन काही नाही. पाठांतर पक्कं पाह्यजे."

तीस वर्षं मी ज्या गोष्टीला दारातून हसलो तीच गोष्ट माझ्यावर सुरू झाली. तपासणी शनिवारी होती, म्हणून 'आज कोणता वार' याचं उत्तर शनिवार. हे माझ्याकडून उठताबसता म्हणून घेतलं. तीन शब्द सांगतील आणि नंतर विचारतील. व्हिडिओत होते सफरचंद, टेबल आणि नाणं, म्हणून सफरचंद, टेबल, नाणं. घड्याळ काढायला सांगतील, तर दहा वाजून दहा मिनिटं. मी कंपासशिवाय असा गोल काढायला शिकलो की सर खूश झाले. मुख्यमंत्री कोण, याचा सर रोज सकाळी पेपर वाचून खुलासा करायचे, कारण आमच्या राज्यात हे उत्तर फार आधी पाठ करून ठेवणं धोक्याचं. भाजीवाली टोपली उतरवता उतरवता विचारायची, काकाजी, घड्याळात किती वाजले. दहा वाजून दहा, मी सांगायचो. गल्ली हसायची. मीही हसायचो. खरं सांगायचं तर चंद्रकला गेल्यापासून घरात इतकी माणसं पहिल्यांदाच येत होती आणि मला ते आवडत होतं.

"अन् मनाबिनाचं काही विचारलं तं?" चेतननं विचारलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "तेव्हा एकच सांगायचं. सगळं चांगलं हाय."

शुक्रवारी सिंधूताईंचा फोन आला. "उद्या तुम्ही कसे निघसान हो महालातून? उद्या मारबतीची मिरवणूक ना. सगळे रस्ते बंद राह्यते. सोमवारी या."

चेतननं कपाळावर हात मारला. तो हैदराबादला राहतो, त्याचं विसरणं समजण्यासारखं होतं. चंद्रभान सरांना परीक्षेपुढं कोणताच सण दिसत नाही. पण मी कसा विसरलो? मी महालात जन्मलो. बापाच्या खांद्यावर बसून पिवळी मारबत बघितली, चेतनला खांद्यावर बसवून काळी दाखवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. आणि मी गेले आठ-पंधरा दिवस शनिवार, शनिवार असं घोकत होतो आणि त्या शनिवारी काय आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फार घाबरलो. तोंडानं मात्र म्हटलं, "बरं झालं, रिव्हिजनले टाइम भेटला."

शनिवारी मी चौकात जाऊन उभा राहिलो. ढोल, गुलाल, डोक्याच्या वर डोलणाऱ्या त्या दोन अक्राळविक्राळ पुतळ्याच्या बाया, एक पिवळी, एक काळी. पुतळे गावाबाहेर जाळतात तेव्हा त्यांच्यासोबत पीडाही जावी, म्हणून लोक आपापली पीडा ओरडून सांगत होते. कोणी महागाई घेऊन जा म्हणत होतं, कोणी खोकला, कोणी रस्त्यातले खड्डे. मी ओरडलो नाही. तोंडातल्या तोंडात म्हटलं, बाई, माझं विसरणं घेऊन जा. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी खोकला म्हणालो.

सोमवारी चेतन मला हुडकेश्वरला घेऊन गेला. व्हरांड्यात धोंडबा आंघोळ करून, भांग पाडून उभा. "चादर टाकून ठेवली तुह्या खाटेवर," तो म्हणाला. "निळी. तुले चालते ना निळी?"

मी म्हटलं, चालते, आणि परीक्षेला गेलो.

दीप्तीताई म्हणजे माझ्या नातीच्या वयाची वाटावी अशी मुलगी. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत मनीप्लांट. तिनं मला पाणी दिलं. पेपरच्या आधी मी पोरांना द्यायचो तसंच दिलं, आणि मी ते पोरांसारखंच गटागटा प्यालो.

"काकाजी, आज कोणता वार आहे?"

"शनिवार," मी म्हणालो. म्हणतानाच कळलं की सोमवार आहे. पण जीभ पुढं निघून गेली होती.

तिनं काही लिहिलं. मग म्हणाली, "मी तीन शब्द सांगते, थोड्या वेळानं परत विचारीन. संत्रं, खिडकी, पाऊस." मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि डोक्यात सफरचंद घुमत होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं तेव्हा मी एका दमात सांगितलं, सफरचंद, टेबल, नाणं. तिनं मान वर करून पाहिलं. मग कागद पुढं केला. "घड्याळ काढा. पावणेतीन वाजलेत असं दाखवा." मी सुंदर गोल काढला. आकडे मांडले. आणि दहा वाजून दहा दाखवले.

"बरं," ती म्हणाली. "झोप कशी लागते?"

"सगळं चांगलं हाय."

"भूक?"

"सगळं चांगलं."

"कधी कधी एकटं बसून रडू येतं का?"

"सगळं चांगलं हाय."

दीप्तीताईनं पेन खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "काकाजी, तुम्ही अभ्यास करून आलात का? कोणी करून घेतला?"

शाळेत एक शिस्त होती. पकडला गेला तरी चिठ्ठी कोणी दिली त्याचं नाव कोणी पोरगा सांगत नसे, आणि मला त्या पोरांचं कौतुक वाटायचं. मी खाली बघत बसलो.

"आज इथंच थांबू," ती म्हणाली. "यावरून मला काहीच कळणार नाही. आपण पुन्हा भेटू."

बाहेर चेतननं विचारलं, "खाटेचं काय?" एवढ्यात सांगता येत नाही, असं तिनं सांगितलं. मला जे समजायचं ते समजलं. धोंडबा व्हरांड्यात तसाच उभा होता. मी त्याच्याशी न बोलताच आटोत बसलो. आटोत चेतन म्हणाला, "बाबा, आता हैदराबादच. मी तिकीट पाहतो." त्याचा आवाज प्रेमाचाच होता. मला रडू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबाचा फोन. "काहून गा, तोंड लपवून पळाला काल?"

"नापास झालो धोंडबा."

"कशात?"

"मनाच्या परीक्षेत." आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. चंद्रभान सरांचा फळा, सफरचंद, सगळं चांगलं. तो हसेल म्हणून मी थांबलो. तो हसला नाही, चिडला.

"अरे येड्या, थे परीक्षा होय का? मले बी विचारलं तिनं. रडू येते का म्हणे. म्या म्हटलं, रोज येते. इंदू गेली तवापासून रोज येते, दाढी करता करता येते. मंग तिनं माही खाट नेली का? डॉक्टरले दाखवलं, गोळी सुरू केली. अन् आता दर गुरुवारी येऊन बसते माह्यापाशी, तासभर. इंदूच्या गोष्टी आयकते. म्या सगळं चांगलं म्हटलं असतं तं कोण बसलं असतं? आपल्याले काय लागते हे समजाले विचारते थे. काढून द्याले नाही विचारत."

"अन् मले खरंच इसराले होत असन तं? फाटकामागं ठेवतीन?"

"ठेवतीन तं ठेवतीन. मी काय कोठी पळून चाललो? फाटकाच्या इकडून बोलीन तुह्याशी. खुर्ची टाकीन."

इतके महिने मी ज्या गोष्टीला घाबरत होतो तिच्यासमोर हा माणूस सरळ खुर्ची टाकून मोकळा झाला होता. माझं भय गेलं असं नाही, पण हलकं झालं. मग मी खाटेखालून ते काळं पातेलं काढलं आणि चेतनसमोर ठेवलं. मेथीच्या जुडीचंही सांगितलं. चेतननं पातेलं उचललं. "मले फोनवर काहून नाही सांगितलं बाबा?" एवढंच म्हणाला, आणि घासायला घेतलं. ते निघालं नाही.

चंद्रभान सर संध्याकाळी फळा घेऊन आले. "नव्या प्रश्नांची तयारी करू," म्हणाले. संत्रं, खिडकी, पाऊस, पावणेतीन. मी हात जोडले. "सर, या टायमाले विदाऊट तयारी बसतो." त्यांचं मन मोडलं, पण चहा पिऊन गेले. मी केलेला चहा त्यांनाही गोड लागला, त्यांच्या तोंडावरून दिसलं.

गुरुवारी आम्ही परत गेलो. मी चेतनला व्हरांड्यात धोंडबापाशी बसवलं आणि एकटाच आत गेलो. खुर्चीत बसण्याआधीच म्हणालो, "ताई, मागच्या वेळी मी पाठ करून आल्तो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या सफरचंदावरूनच कळलं." आणि आम्ही दोघंही हसलो.

वार मी बरोबर सांगितला. तारखेत अडकलो, पण पोळा झाला, मारबत झाली, गणपती बसले, असं मोजत मोजत पोचलो. तिनं या वेळी वेगळेच शब्द दिले. त्यातला एक सुटला, दोन सापडले. घड्याळाचा गोल या वेळी वाकडा आला, पण काटे तिनं सांगितले तिथंच लागले. मग तिनं झोपेचं विचारलं आणि मी सांगितलं की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. जेवणाचं विचारलं तर म्हटलं, कधी करतो, कधी मुरमुरे खातो. पातेलं सांगितलं. चपलांचं दुकान सांगितलं. मारबत विसरलो हेही सांगितलं. ती घाई करत नव्हती. मधेच एकदा उठून तिनं पंखा कमी केला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

शेवटी म्हणाली, "आता एक वाक्य सांगा काकाजी. कोणतंही, तुमच्या मनातलं. मी लिहून घेते."

याचंही उत्तर सरांनी करून दिलं होतं, भारत देशावरचं. ते आठवतही होतं. पण मी म्हणालो, "ताई, दोन चमचे साखर टाकतो, चंद्रकला टाके तेवढीच, तरी चहा तसा होत नाही."

तिनं ते लिहिलं. खाली मान घालूनच लिहिलं.

मग तिनं चेतनला आत बोलावलं. आम्हा दोघांना समजेल असं सांगितलं. रक्त तपासायचं, एका डॉक्टरांना दाखवायचं, कारण विसरण्याची कारणं पुष्कळ असतात आणि अंदाजावर सोडून चालत नाही. पण तिला स्वतःला हे विसरणं दुःखाचं आणि जागरणाचं वाटत होतं. माणूस नीट झोपत नसेल, नीट जेवत नसेल आणि कोणाशी बोलतही नसेल तर डोकं असं वागतं, आणि बऱ्याचदा ते परत ताळ्यावर येतं. काही महिन्यांनी ती पुन्हा बघणार होती.

"म्हणजे मी पास?" मी विचारलं.

"इथं पास-नापास नसतं काकाजी. तुम्हाला सोबत लागेल, वेळेवर जेवण लागेल आणि दर गुरुवारी माझ्याशी बोलावं लागेल. ते जमेल?"

"गुरुवारी तं तुम्ही धोंडबाशी बोलता."

"आधी त्यांच्याशी, मग तुमच्याशी."

"आधी माह्याशी," मी म्हणालो. "थो लय बोलते. माह्यापर्यंत तुम्ही थकसान."

चेतन हसला. वडील भांडून जागा मागतायत हे बघून त्याला बरं वाटलं असावं. हैदराबादच्या तिकिटाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जाताना मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, लहानपणी मारबत बघून दमल्यावर टेकवायचा तसं, आणि दिवाळीला येतो म्हणाला. मला त्याचा राग नव्हता, कधीच नव्हता. पोरगं आपल्या ताकदीनं करतं.

पुढच्या आठवड्यात मी सामान घेऊन राहायला आलो. पेटी खाटेखाली सरकवली. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं, त्यावर धोंडबानं आधीच हक्क सांगून ठेवला होता. निळी चादर होती. खाट थोडी कुरकुरत होती, ती कुरकुर त्यानं स्वतः तेल घालून बंद केली आणि प्रयोगशाळेत काम केल्याचा हा फायदा असं मला ऐकवलं. फाटकापाशी जाऊन मी उमरेडच्या गृहस्थांना हात दिला. त्यांनी बसचं विचारलं. मी म्हटलं, लागेल आता, तोवर बसू, आणि थोडा वेळ बसलो.

संध्याकाळी चहा आला. इथं अर्ध्या लोकांना साखरेचा आजार, म्हणून चहा बिनसाखरेचाच येतो आणि ज्याला हवी त्याच्यासाठी ट्रेमध्ये साखरेची वाटी असते. मी कप हातात घेतला आणि वाटीकडे बघत राहिलो. दोन टाकू की एक, मला ठरवता येईना.

धोंडबानं माझ्या हातातून कप घेतला. एक चमचा भरून टाकला. दुसरा चमचा भरला, बोटानं त्यातली अर्धी साखर परत वाटीत पाडली, उरलेली कपात टाकून ढवळलं आणि कप मला दिला.

"दीड?" मी विचारलं. "मी तं दोन पेत होतो."

"दीडच पेत होता गा तू. दोन टाक म्हणे तू, अन् वहिनी हो म्हणून दीड टाके. डॉक्टरनं तुही शुगर वाढली म्हणून सांगितलं ना, तवापासून. मले समोर दिसे. भाऊजी, सांगू नका म्हणे. मी कायले सांगतो."

मी घोट घेतला. तोच चहा होता. माझी जीभ काहीच विसरलेली नव्हती. इतकी वर्षं ही बाई मला अर्ध्या चमच्यानं फसवत आली होती, आणि ते माहीत असलेला एकच माणूस जगात होता, तो माझ्या शेजारच्या खाटेवर बसून बशीत चहा ओतत होता. मला रडू आलं. या वेळी मी खोकलो नाही.